ऑनलाईन खरेदीने मालवाहतुकीचा धंदा वाढेल का? कंग्राळीच्या पिकअपवाल्याला पडलेला परतीच्या भाड्याचा प्रश्न

बेळगावच्या उत्तरेला शहराला चिकटून असलेल्या कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या दोन गावांत छोटा हत्ती, पिकअप आणि टेम्पोवर चूल पेटणारी घरं कमी नाहीत. जवळच एपीएमसी यार्ड, पलीकडे शहराची बाजारपेठ आणि थोड्या अंतरावर पुणे-बेंगळूर महामार्ग. गाडी घ्यायची म्हटली की पहिला हिशेब भाड्याचा. अलीकडे या हिशेबात एक नवीन ओळ आली आहे. गल्लीत दिवसातून तीन-चार वेळा पार्सलवाला येतोय, मग त्या कामाला आपली गाडी लावली तर कसं? बँकेचा हप्ता काढून चार पैसे हातात उरतील का? निपाणी, खानापूर, चंदगड, कागल, कुठंही गेलं तरी गाडीचा विचार करणारी पोरं हेच विचारतात.

पार्सलं वाढली आहेत आणि वाढत राहणार, त्यात शंका नाही. घरपोच देण्याचं कामही त्याबरोबर वाढणार. पण गाडीमालकाला भाडं मिळवून देणारा धंदा त्याच प्रमाणात वाढतो असं समजून कर्ज काढणं धोक्याचं आहे. सीमाभागात तर सगळं एका प्रश्नावर येऊन अडतं. इथं येणारी गाडी भरून येते, पण जाताना ती काय घेऊन जाते?

भाडं, पार्सल आणि घरपोच

आपण सगळ्यालाच ट्रान्सपोर्ट म्हणतो. धंद्यात मात्र याचे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला पूर्ण गाडीचा. एका व्यापाऱ्याचा माल, एक गाडी, एक भाडं. उद्यमबागच्या फौंड्रीतून पुण्याला जाणारं कास्टिंग किंवा यार्डातून निघालेला बटाटा हा असा. दुसरा पार्सल बुकिंगचा. दहा व्यापाऱ्यांचे वीस डाग एका गाडीत, प्रत्येकाची वेगळी बिल्टी. तिसरा घरपोच, म्हणजे एक माणूस, एक दुचाकी आणि पिशवीत पन्नास-साठ पुडकी.

दुसऱ्या प्रकारात आपल्या भागाने मोठं नाव कमावलं आहे. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगमध्ये एका ट्रकवर सुरू केलेला व्यवसाय पुढे हुबळीतून व्हीआरएल म्हणून देशभर पसरला. त्याचं गमक ट्रकच्या संख्येपेक्षा बुकिंग ऑफिसांच्या जाळ्यात होतं. छोट्या गावातला छोटा डागही घ्यायचा, मोठ्या डेपोत एकत्र करायचा आणि गाडी दोन्ही बाजूंनी भरून पळवायची.

ऑनलाईन कंपन्यांनी हीच पद्धत उचलली, फक्त जाळं स्वतःचं टाकलं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बेंगळूरमध्ये पुस्तकं विकत सुरू झाली, पुढे तिने एकार्ट ही स्वतःची वाहतूक उभी केली. अ‍ॅमेझॉन २०१३ मध्ये भारतात आली, तिचीही स्वतःची व्यवस्था आहे. मीशोने व्हॅल्मो काढली. दिल्लीव्हरीसारख्या कंपन्या २०११ पासून याच कामासाठी उभ्या राहिल्या. म्हणजे ऑनलाईन मागवलेलं पुडकं बेळगावपर्यंत येतं ते बहुतेक कंपनीने कंत्राटावर घेतलेल्या मोठ्या गाडीतून, मोठ्या गोदामापासून मोठ्या हबपर्यंत. इथल्या लॉरीमालकाला त्यात काम मिळालंच तर ते कंत्राटदाराच्या हाताखाली मिळतं, आणि दर ठरवायला तो बसलेला नसतो.

त्यात जुन्या साखळीतले काही टप्पे गळाले, हे फारसं कुणी बोलत नाही. पूर्वी एखादा मिक्सर किंवा साडीचा गठ्ठा मुंबई-सुरतेहून रविवार पेठेत यायचा, तिथून छोट्या गाडीने चंदगड, खानापूर, हुक्केरीच्या दुकानात जायचा. प्रत्येक टप्प्यावर एक भाडं, एक हमाली, एक चहा. आता तोच मिक्सर भिवंडी किंवा बेंगळूरच्या गोदामातून निघतो आणि हबमार्गे थेट घरी पोचतो. रविवार पेठ ते चंदगड हे भाडं त्यातून वजा झालं. गणपत गल्लीत, खडेबाजारात खरेदीला येणारं चंदगड-गडहिंग्लजचं आणि गोव्याचं गिऱ्हाईक जितकं मोबाईलवर वळेल, तितका दुकानदाराचा माल कमी येणार आणि आपल्या पिकअपवाल्याची एक खेपही कमी होणार. दारात पार्सल देणाऱ्या पोराला काम मिळालं, हे खरं. पण एकाचं काम गेलं आणि दुसऱ्याला मिळालं, याला धंदा वाढला म्हणता येईल का?

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर वेंगुर्ला होतं. आंबोलीच्या घाटातून बैलगाड्या माल वर आणायच्या, खाली न्यायच्या. १८८० च्या दशकात रेल्वे आली, मुरगाव बंदर रुळांनी जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचा तो व्यापार ओसरला. रेल्वेमुळे मालाची ने-आण वाढली, पण घाटातल्या गाडीवानाच्या भाड्यात ती वाढ दिसली नाही.

रिकामी गाडी

मालवाहतुकीतला कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल, जाण्याचं भाडं डिझेल, टोल आणि हप्त्यात जातं. कमाई परतीच्या भाड्यात असते. कंग्राळीचा पिकअपवाला रात्री भाजी घेऊन गोव्याला जातो. बेळगावची भाजी रोज गोव्यात जाते, गोव्याचं फलोत्पादन महामंडळसुद्धा बेळगावातून भाजी उचलतं. सकाळी माल उतरला की चोर्ला घाटाने गाडी परत. परतताना काही मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी. त्यामुळे गोव्याचं भाडं ठरवताना येण्या-जाण्याचं दोन्हीचं डिझेल त्यात धरावं लागतं.

ऑनलाईन पार्सलांचं चित्र बरोबर उलटं आहे. बेळगावला, निपाणीला गाडी भरून येते. परत जाताना तिच्यात काय असतं? मापात न बसलेले बूट, रंग न आवडलेल्या साड्या, पत्ता न सापडल्याने किंवा गिऱ्हाईकाने दारात नाकारल्याने परत चाललेली पुडकी. याला या धंद्यात आरटीओ म्हणतात (आपल्या परिवहन कार्यालयाशी संबंध नाही, मूळ जागी परत असा त्याचा अर्थ). कॅश ऑन डिलिव्हरीच्या मालात हे प्रमाण जास्त असतं, कारण आधी पैसे भरलेले नसतात, दारात नको म्हणायला काही लागत नाही. ही परतीची खेप म्हणजे विक्रेत्याच्या अंगावर बसलेला खर्च. तो खर्च पुढे वाहतुकीचे दर आवळूनच भरून काढला जातो.

खरा धंदा वाढतो तो इथून बाहेर जाणाऱ्या मालाने. पुण्यात, मुंबईत, बेंगळुरात, परदेशात असलेल्या माणसाने इथला माल मागवला आणि तो इथून पॅक होऊन निघाला, तर बुकिंग इथं होतं, पॅकिंगचं काम इथं मिळतं, उचलायला गाडी इथली लागते आणि येणारी गाडी परत भरून जाते. पाठवायला आपल्याकडे काय नाही? बेळगावचा कुंदा, शहापूर-वडगाव भागातल्या मागावरच्या साड्या, गोकाकचा करदंट, बेळगाव बासमती तांदूळ, उद्यमबागचे हायड्रॉलिकचे सुटे भाग, निपाणी-अथणी पट्ट्यातली कोल्हापुरी चप्पल. माल आहे आणि गिऱ्हाईकही आहे. मग अडतं कुठं, तर बऱ्याच वेळा सीमेवर.

गिऱ्हाईक आलं तर चालतं, माल गेला तर नोंदणी

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके बंद झाले. तेव्हा वाटलं, आता कोगनोळीच्या पलीकडे आणि अलीकडे फरक राहिला नाही. ट्रकवाल्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. नाक्यावरची रांग गेली आणि १ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांच्या वरच्या आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झालं, ते मोबाईलवरही काढता येतं. छोट्या विक्रेत्यासाठी मात्र सीमा कागदावर शाबूत आहे.

कर्नाटकात आणि महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायचा तर ही सूट चालत नाही, सर्वसाधारणपणे पहिल्या विक्रीपासून नोंदणी हवी. ऑनलाईन बाजारात विकणाऱ्याला तर पूर्वी राज्यातल्या राज्यातसुद्धा नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट सैल झाली. मर्यादेच्या आतला विक्रेता नोंदणीशिवाय, नुसता एनरोलमेंट क्रमांक घेऊन ऑनलाईन विकू शकतो. अट एकच, माल आपल्याच राज्यात विकायचा. कंपोझिशनवाल्या व्यापाऱ्यालाही त्याच तारखेपासून तशीच मुभा मिळाली, तीसुद्धा राज्यापुरतीच.

हुबळी किंवा म्हैसूरच्या विक्रेत्याला ही सवलत मोठी वाटेल. कंग्राळीत तिचा अर्थ काय होतो, तो बघा. नोंदणी नसलेली बाई घरी केलेलं लोणचं, मसाला किंवा शिवलेले कपडे ऑनलाईन बीदरला पाठवू शकते. बीदर इथून चारशे किलोमीटरहून लांब. पण शिनोळीला पाठवू शकत नाही, कारण वीसएक किलोमीटरवरची शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीच्या विक्रेत्याला कागल आणि कोल्हापूर बंद. शिनोळीच्या माणसाचीही तीच गत. त्याला गडचिरोली खुली आणि बेळगाव बंद. ज्याची सगळी सोयरीक, भाषा आणि ओळखीचं गिऱ्हाईक सीमेपलीकडे आहे, त्याच्यासाठी राज्यापुरती मुभा म्हणजे अर्धा बाजार कापलेला.

गंमत अशी की तोच शिनोळीचा माणूस बेळगावात दुकानात आला, पैसे देऊन माल पिशवीत घालून घेऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर ती विक्री दुकानाच्या ठिकाणचीच धरली जाते. गिऱ्हाईक सीमा ओलांडून आलं तर चालतं, मालाने एकट्याने सीमा ओलांडली तर नोंदणी लागते. अर्थात पूर्णपणे करमुक्त असलेल्या मालाला, ताज्या भाजीला वगैरे, ही अट नाही. सुटा तांदूळ, सुटा गूळ करमुक्त; तोच २५ किलोपर्यंतच्या पिशवीत छापील लेबल लावून विकला की ५ टक्के. ऑनलाईन विकायचं म्हणजे पॅकिंग आणि लेबल आलंच, त्यामुळे बहुतेकांना ही सूट कामाची नाही. आपला माल कुठल्या रकान्यात बसतो ते सीएला एकदा विचारून घेतलेलं बरं.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. २०१९ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, गदारोळ झाला आणि पुढे त्या कंपनीने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या दोन्ही महामंडळांशी करार केला. म्हणजे जीआय देताना सरकारने सीमा बाजूला ठेवली, इटलीच्या कंपनीनेही ठेवली. निपाणी भागातल्या नोंदणी नसलेल्या कारागिराला मात्र चाळीसएक किलोमीटरवरच्या कोल्हापुरातल्या गिऱ्हाईकाला एक जोड ऑनलाईन बाजारातून विकता येत नाही. मग तो काय करतो? नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला माल देतो. त्यात कारागिराचा नफा गेला आणि बुकिंगही व्यापाऱ्याच्या गावातून होतं, त्यामुळे इथल्या गाडीचं परतीचं भाडंही गेलं.

यावर उपाय आहे, तो म्हणजे स्वेच्छेने नोंदणी. लोक घाबरतात, आणि २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या व्यवहारांवरून नोटिसा आल्यानंतर ती भीती जास्तच बसली. पण हिशेब मांडून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या चपलेवर जीएसटी ५ टक्के आहे. ऑनलाईन बाजाराची कंपनी विक्रीतून कापते तो टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे आणि तो आपल्या खात्यात जमा दिसतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याचा कर अडीच लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या अर्जदारांसाठी तीन कामकाजी दिवसांत नोंदणीची सोपी पद्धत सुरू झाली. विवरणपत्रं भरायची कटकट आणि त्याचा खर्च उरतोच. महिन्याला चार जोड विकणाऱ्याला ते झेपणार नाही. पन्नास विकणाऱ्याला झेपेल, आणि दहा कारागिरांनी मिळून एक नोंदणी चालवली तर अजून सोपं जाईल.

पिन कोड आणि बस

सीमा जीएसटीत आहे तशी पत्त्यातही आहे. देशातली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक विभागाचा. बेळगाव, निपाणी, खानापूर ५९ ने सुरू होतात, चंदगड-कागल ४१ ने, गोवा ४०३ ने. डाक खात्यापासून खासगी कुरिअरपर्यंत सगळे याच अंकांवर माल छाटतात. त्यामुळे शेजारच्या गावाचं पार्सल शेजारी जात नाही. ते आधी आपल्या विभागाच्या हबला जातं, तिथून पलीकडच्या विभागाच्या हबला आणि मग खाली उतरतं. बेळगावहून चंदगडला जायला एसटीने जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ पुडक्याला लागतो.

या फटीत स्थानिक गाडीवाल्याला जागा आहे, असं आमचं मत. बेळगाव-चंदगड-आजरा-गडहिंग्लज किंवा निपाणी-कागल-कोल्हापूर असं रोजचं ठरलेल्या वेळेचं पार्सल, दोन्ही बाजूंनी बुकिंग घेणारं, हे काम मोठ्या कंपनीच्या आराखड्यात बसत नाही. पूर्वी एसटीच्या टपावर आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हेच चालायचं. कर्नाटकाच्या परिवहन महामंडळांनी २०२१ मध्ये नम्म कार्गो ही बसमधून पार्सल नेण्याची सेवा सुरू केली, महाराष्ट्राच्या एसटीने २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात मालवाहतूक सुरू केली. दोघींची गाठ बेळगावात, कोल्हापुरात पडावी आणि एकाच पावतीवर माल पलीकडे जावा, एवढं साधं काम दोन्ही सरकारांनी केलं तर सीमाभागाला मोठ्या घोषणेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

अडचण कोणती ते वाचकांना सांगायला नको. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या बस थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीतही बससेवा बंद पडली होती. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा लागेल तेव्हा लागेल, पण अशा प्रत्येक दिवशी ट्रकमालकाचा हप्ता चालू असतो आणि भाजी गाडीत सडते. ऑनलाईनच्या पुडक्याला दोन दिवसांचा उशीर चालतो, कंपनी गिऱ्हाईकाला दिलगिरीचा मेसेज पाठवते. गाडीवाल्याची काच मात्र त्यालाच बदलावी लागते.

एकाच गिऱ्हाईकावर विसंबण्याचं काय होतं

डिलिव्हरीची फ्रँचायझी घेणाऱ्यांनी ईकॉम एक्स्प्रेसची गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. २०१२ मध्ये सुरू झालेली, देशभर हजारो पिन कोडना पोचणारी ही कंपनी फक्त ऑनलाईन पार्सलांचं काम करायची. २०२४ मध्ये तिने शेअर बाजारात उतरण्यासाठी कागदपत्रं दाखल केली. तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मीशोकडून यायचा. मीशोने माल आपल्या व्हॅल्मोकडे वळवायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीव्हरीने ईकॉम एक्स्प्रेस सुमारे १,४०० कोटींना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षांत देशातली ऑनलाईन खरेदी वाढतच होती. पार्सलं वाढत असताना पार्सल पोचवणारी कंपनी विकली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला एका गिऱ्हाईकाने हात आखडल्याचा एवढा फटका बसतो, तर गावातल्या फ्रँचायझीवाल्याने भाड्याचं गोडाऊन आणि तीन गाड्या एकाच कंपनीच्या भरवशावर घ्यायच्या का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दर कसे ठरतात तेही समजून घ्यायला हवं. कुरिअरमध्ये खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त, त्याचा दर लागतो. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ६० बाय ४० बाय २० च्या खोक्यातली उशी भरते दीड किलो, पण हिशेबात येते ९.६ किलो. चपलेचं ३० बाय २० बाय १२ चं खोकं येतं १.४४ किलो, चप्पल त्याहून बरीच हलकी असली तरी. पाठवणाऱ्याने खोकं लहान केलं की पैसे वाचतात. गाडीवाल्यालाही यातून एक गोष्ट कळते: ऑनलाईन मालाने छोटा हत्ती वजनाने भरत नाही, जागेने भरतो. टनावर भाडं ठरवायची सवय इथं तोट्यात नेते.

घरपोच देणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी पोचलेल्या पुडक्यामागे पैसे मिळतात. दर कंपनीगणिक वेगळे. समजण्यापुरतं धरू की पुडक्याला १५ रुपये ठरले आणि सकाळी ६० पुडकी घेतली. १० घरी कुणी नाही किंवा नको म्हणाले, तर ५० चे ७५० रुपये. त्यातून पेट्रोल, मोबाईल, गाडीची झीज वजा करा. कंग्राळीसारख्या दाट वस्तीत हे दुपारपर्यंत उरकतं. तेच खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात किंवा चंदगडच्या वाड्या-वस्त्यांवर दोन दिवसांचं काम आहे, दर मात्र बहुतेक तोच. गावातल्या पोराचं एक भांडवल असतं, त्याला पत्ता विचारावा लागत नाही. केएच म्हणजे खुर्द आणि बीके म्हणजे बुद्रुक हे बाहेरून आलेल्याला समजावून सांगावं लागतं. डाक खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन काढला, देशातल्या प्रत्येक चार मीटर चौकोनाला दहा अक्षरी ओळख. तो रुळला की हेही भांडवल थोडं कमी होईल.

गाडी घेणारच असाल तर

एकूण ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो, पिकअप घेताना आरसी बुकात एकूण वजन पाहून घ्यावं. फिटनेस, विमा आणि राज्याचा कर मात्र लागतोच. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. विमा कंपनी लायसन्सवरून क्लेम अडवत असेल तर हा निकाल दाखवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नये. बिल्टी न काढता नुसत्या भाड्याने गाडी चालवणाऱ्याच्या भाड्यावर जीएसटी नाही. बिल्टी काढून ट्रान्सपोर्टचं काम सुरू केलं की ५ टक्क्यांचा प्रश्न येतो, तो कर बहुधा माल पाठवणारी नोंदणीकृत पार्टी भरते. कुरिअर म्हणून काम केलं तर १८ टक्के. आपण यातले कोण, हे धंदा सुरू करायच्या आधी ठरवलं की पुढची डोकेदुखी कमी होते.

पांढऱ्या नंबर प्लेटच्या दुचाकीवर पार्सल टाकणाऱ्यांनी विम्याच्या पॉलिसीत वापर कोणता लिहिलाय तो वाचावा. खासगी वापराच्या पॉलिसीवर कामाच्या वेळी अपघात झाला तर क्लेमला अडचण येऊ शकते.

राहिला प्रश्न दुचाकीवरच्या पोरांच्या हक्कांचा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी पहिला कायदा केला. कर्नाटकाने मे २०२५ मध्ये वटहुकूम आणि सप्टेंबरमध्ये कायदा आणला. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचं, कामगारांची मंडळाकडे नोंद व्हायची, आणि लेखी कारण व १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कामावरून काढायचं नाही, अशा त्यात तरतुदी आहेत. त्याआधी २०२३ मध्येच राज्य सरकारने डिलिव्हरी कामगारांसाठी २ लाख अपघाती आणि २ लाख आयुर्विमा अशी योजना काढली होती. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ती दोन्ही राज्यांत चालते. कर्नाटकाचा कायदा कर्नाटकात केलेल्या कामापुरता आहे. एकाच कंपनीचं टी-शर्ट घालून कंग्राळीत फिरणाऱ्या आणि शिनोळीत फिरणाऱ्या दोघांचे हक्क त्यामुळे वेगळे. कंग्राळी, निपाणी, खानापूरच्या मुलांनी ई-श्रम पोर्टलवर आणि राज्याच्या मंडळाकडे अशा दोन्ही ठिकाणी नाव घालावं. आधार, बँक पासबुक आणि कंपनीच्या अ‍ॅपमधला आपला ओळख क्रमांक जवळ ठेवावा आणि रोजच्या कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण अ‍ॅप बंद झालं की आपण त्या कंपनीत काम केलं याचा दुसरा पुरावा बहुतेकांकडे नसतो.